मीटरमधलं घड्याळ आणि आपल्या घरचं बिल

दुपारची भांडी आवरून, हातात निवडायचं धान्य घेऊन तुम्ही ऐकत असाल. हात चालू राहू द्या, कान इकडे द्या.

आज मी लाइट बिलाबद्दल बोलणार आहे. विषय कोरडा वाटेल, पण गटाचं कर्ज-रजिस्टर माझ्याकडे असतं, म्हणून मला तो कोरडा वाटत नाही. अंतर्गत कर्ज कशासाठी घेतलं हे आपण त्या रजिस्टरमध्ये लिहितो. दवाखाना, शाळेची फी, बियाणं, शेळी. अलीकडे त्यात आणखी एक कारण दिसायला लागलंय. 'लाइट बिल'. एक काकू म्हणाल्या, तीन हजार द्या, लाइन कापायला येणार आहेत. गटानं दिले. चांगलंच केलं. पण बिल बरोबर आहे का, हा प्रश्न त्या बैठकीत कुणी विचारला नाही. किराणावाल्याची चिठ्ठी आपण तीनदा जोडून बघतो, दूधवाल्याचं खातं तारखेनिशी तोंडपाठ असतं. आणि लाइट बिल मात्र आलं तसं खिळ्याला टोचून ठेवतो. आज ते बिल खिळ्यावरून काढायचंय.

आधी नवीन मीटरचं बघू. बऱ्याच घरांत जुनं मीटर काढून नवीन बसवलंय किंवा बसवतायत. त्याला टीओडी मीटर म्हणतात, कुणी स्मार्ट मीटर म्हणतं. जुनं मीटर फक्त एवढंच मोजायचं की महिन्यात एकूण किती युनिट जळली. नवं मीटर सोबत हेही लिहून ठेवतं की ती कोणत्या वेळेला जळली. म्हणजे त्याच्या पोटात एक घड्याळ आहे. आपल्या राज्यात महावितरणच्या घरगुती ग्राहकांसाठी १ जुलै २०२५ पासून अशी सवलत जाहीर झाली की, हे मीटर असेल तर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळात वापरलेल्या विजेला युनिटमागे ८० पैसे कमी. आणि २०३० पर्यंत ही सवलत हळूहळू १ रुपयापर्यंत न्यायचं ठरलं. दर वीज नियामक आयोग ठरवतो आणि ते बदलत असतात, म्हणून आपल्या चालू बिलावर काय आहे ते बघायची सवय ठेवायची.

दिवसाच स्वस्त का? पूर्वी उलट होतं. कारखान्यांना रात्रीची वीज स्वस्त मिळायची. शेतीपंपाला तर बरेचदा रात्रीची मिळायची. साप-विंचवाच्या भीतीत, हातात बॅटरी घेऊन दारं धरायला गेलेली माणसं आपल्या घरातलीच. आता सूर्यावरची वीज वाढली. सौर प्रकल्पाची वीज दुपारी भरपूर येते आणि दिवस मावळला की थांबते. आणि नेमकं दिवे, टीव्ही, मिक्सर, पंखे सगळं एकदम चालू होतं ते संध्याकाळी. बाजारात टोमॅटोचे ढीग लागले की भाव उतरतो आणि माल संपत आला की चढतो, तसंच हे. दुपारी माल भरपूर, म्हणून दुपारी भाव कमी. २०२३ साली केंद्र सरकारनं ग्राहक हक्कांच्या नियमांत बदल केला, त्यातही हेच आहे की सूर्य असतानाच्या आठ तासांत वीज स्वस्त असावी.

आता खरा हिशोब करू. कारण 'नवीन मीटर आलं, आता बिल निम्मं होणार' असंही कुणी सांगतं आणि 'नवीन मीटर आलं, आता घर विकावं लागणार' असंही कुणी सांगतं. दोन्ही ऐकू नका, पेन घ्या.

हजार वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट. तुमची इस्त्री साधारण साडेसातशे ते हजार वॅटची. एक एचपीची पाण्याची मोटर किंवा एक एचपीची घरघंटी तासाला एक युनिटच्या आसपास खाते. दोन हजार वॅटचा गिझर अर्ध्या तासात एक युनिट. बादलीत टाकायचा हीटरचा रॉड हजार-दीड हजार वॅटचा. मिक्सर दहा मिनिटं फिरला तर फार काही नाही. एलईडी बल्ब नऊ वॅटचा, तो शंभर तासांहून जास्त चालला तेव्हा कुठे एक युनिट.

समजा तुम्ही रोज एक युनिटाचं काम सकाळी सात किंवा संध्याकाळी सातवरून दुपारी बारावर आणलं. महिन्याची ३० युनिट. ८० पैशांनी २४ रुपये. वर्षाचे २८८ रुपये, आणि त्यावरचा करही तेवढा कमी. बस, एवढंच आहे. हे पैसे सोडून द्यावेत असं मी म्हणत नाही. वर्षाला पोराच्या वह्या त्यात येतात. पण त्यासाठी सगळं घर घड्याळाला बांधू नका. पहाटे पोरांना गरम पाणी हवं तर ते पहाटेच तापणार. सकाळच्या शाळेचा गणवेश रात्री इस्त्री करावा लागला तर करावा लागला. नळाला पाणी ज्या वेळेला येतं त्याच वेळेला मोटर लागणार. फ्रीज असेल तर तो दिवसभर चालूच असतो, त्याची दुपारची सवलत न सांगता मिळते.

जे काम हलवता येतं तेवढं हलवा. आठवड्याची इस्त्री एकदाच, दुपारी. घरघंटीवरचं दळण अकराला. टाकी भरायची मोटर नऊनंतर. वॉशिंग मशीन दुपारी, तसंही कपडे उन्हात वाळायला तेव्हाच टाकतो. आमच्या एका गटाचं पापड-मसाल्याचं काम चालतं. त्यांचं दळण-कांडण पूर्वी संध्याकाळी सगळ्या जमल्या की व्हायचं. आता शेतातून एक वाजता आल्या की करतात आणि पाचच्या आत आवरतात. त्यांना पैशाइतकाच दुसरा फायदा झाला. संध्याकाळी दाब कमी असतो, त्यात मोटर घुंघुं करत गरम व्हायची. दुपारी ती नीट चालते.

इथे जाता जाता एक सूचना. घरात असा छोटा धंदा असेल तर ठराविक युनिटच्या मर्यादेत घरगुती दरच लागू राहतो, पण मर्यादा ओलांडली की दर बदलू शकतो. ही मर्यादा दरपत्रकात दिलेली असते. गटाचं काम वाढवण्याआधी वीज कार्यालयात जाऊन विचारून घ्या. नंतर कुणी तपासणीला आल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

आता ८० पैशांपेक्षा मोठी गोष्ट सांगते. ती म्हणजे बिलाचे टप्पे. घरगुती बिलात १ ते १०० युनिट हा पहिला टप्पा, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा आणि ५०० च्या वर चौथा. दुसऱ्या टप्प्यातलं युनिट पहिल्या टप्प्यातल्या युनिटाच्या दुपटीच्या आसपास महाग असतं. म्हणजे ज्या घराचं ११० युनिट होतंय त्या घरानं १० युनिट वाचवली तर ती महागातली १० वाचतात. दुपारी हलवून युनिटमागे ८० पैसे सुटतात, पण वाचवलेलं युनिट पूर्ण सुटतं. ज्या घरी पिवळे जुने बल्ब अजून आहेत त्यांनी ते आधी बदला.

आणि टप्पा महिन्याचा असतो, बिलाचा नसतो. हे नीट ऐका, कारण इथेच बाया फसतात. समजा तीन महिने रीडिंग घेता आलं नाही. घराला कुलूप होतं, तुम्ही ऊसतोडीला गेला होता, काही कारण असेल. मग रीडिंग झालं आणि तीन महिन्यांची मिळून २७० युनिट निघाली. महिन्याला ९० पडली. म्हणजे तिन्ही महिने तुम्ही पहिल्या टप्प्यातच आहात. पण ती २७० एकाच महिन्यात जळली असं धरलं, तर १७० युनिटांना दुसऱ्या टप्प्याचा दर लागतो आणि बिल फुगतं. म्हणून मोठं बिल आलं की पहिला प्रश्न हा विचारायचा, 'हे किती महिन्यांचं आहे, आणि टप्पे तेवढ्या महिन्यांत वाटलेत का?' दुसरा प्रश्न, 'मधल्या महिन्यांत सरासरीचं बिल आम्ही भरलंय, ते यातून वजा केलंय का?' हे दोन प्रश्न पाठ करून ठेवा.

आता बिल वाचायला शिकू. बिलावर बारा अंकी ग्राहक क्रमांक असतो. तो गटाच्या वहीत लिहून ठेवा, तक्रारीला तोच लागतो. मग मीटर क्रमांक बघा. तो तुमच्या भिंतीवरच्या मीटरवर आहे तोच आहे का? दोन भावांची घरं शेजारी असली की मीटरची अदलाबदल होते आणि धाकटीचं बिल थोरली भरत बसते. त्यानंतर मागील रीडिंग आणि चालू रीडिंग. चालूतून मागील वजा केलं की युनिट. रीडिंगच्या जागी आकड्याऐवजी काही शेरा असेल किंवा 'सरासरी' लिहिलेलं असेल, तर त्या महिन्यात मीटर वाचलेलं नाही, अंदाजानं बिल आलंय. खाली स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क असे रकाने असतात. स्थिर आकार एकही दिवा न लावता द्यावाच लागतो. वीज शुल्क हा सरकारचा कर, घरगुती बिलाला १६ टक्के. टीओडी मीटर असेल तर वेळेनुसार युनिट आणि त्यावरची सवलत दाखवलेली असते. ९ ते ५ च्या रकान्यात ३६ युनिट असतील तर ८० पैशांनी २८ रुपये ८० पैसे सवलत दिसली पाहिजे. दिसत नसेल तर विचारायचं.

मीटर वाचणं त्याहून सोपं. मीटरवरचे आकडे आपोआप बदलत राहतात, किंवा बटण दाबलं की पुढचा आकडा येतो. तारीख येते, वेळ येते, एकूण युनिट येतात. ज्याच्या शेवटी केडब्ल्यूएच लिहिलेलं असतं ते युनिट. शाळेत जाणाऱ्या लेकीला उभं करा, ती दोन मिनिटांत दाखवेल. वेळ दिसली की ती आपल्या मोबाइलशी ताडून बघा. दोन-चार मिनिटांचा फरक असला तर सोडून द्या. पण मीटरचं घड्याळ तास-दोन तास मागेपुढे असेल, तर तुमचं बाराचं दळण त्याच्या हिशोबी भलत्याच वेळेला पडेल. तेव्हा वेळ दिसत असतानाच मीटरचा फोटो काढा, शेजारी मोबाइलचं घड्याळ धरून. हा पुरावा झाला.

दर महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला रीडिंग वहीत उतरवा. आमच्या गटात हप्ता जमा करायच्या दिवशीच प्रत्येकीनं रीडिंग आणायचं असं ठरलंय. बचतीच्या रकान्याशेजारी एक रकाना रीडिंगचा. सहा महिने झाले की आपल्या घराला किती लागतं हे तोंडपाठ होतं. मग बिल अचानक वाढलं तर 'मला वाटतं जास्त आलंय' असं म्हणावं लागत नाही. वही पुढे करता येते.

आता अचानक बिल वाढलं तर काय करायचं? आधी घरात तपासायचं. त्या काकूंचं मघाशी सांगितलं ना, तीन हजारांचं? त्यांचं बिल दोन महिन्यांत दुप्पट झालं होतं आणि सगळी वाडी नव्या मीटरला शिव्या घालत होती. कर्ज दिल्यानंतरच्या आठवड्यात आम्ही तिघी जणी त्यांच्या घरी गेलो. घरातली सगळी बटणं बंद केली. मोबाइलचे चार्जर, टीव्ही, फ्रीज सगळ्यांचे प्लग काढले. मेन स्विच चालू ठेवला. आता मीटरवरचा लाल दिवा लुकलुकायला नको होता. पण तो थांबून थांबून लुकलुकत होता. मग मेन स्विच बंद केला, तर थांबला. म्हणजे वीज घराच्या वायरिंगमधूनच कुठेतरी जात होती. वायरमन बोलावला. गोठ्यात नेलेल्या वायरची साल निघाली होती आणि ती ओल्या भिंतीला टेकलेली होती. चोवीस तास वीज जमिनीत मुरत होती. मैत्रिणींनो, पैशाचं सोडा. त्या भिंतीला म्हैस बांधलेली असायची आणि काकूंचा नातू तिथेच खेळायचा. बिल वाढलं म्हणून ते कळलं. ऐंशी-नव्वद रुपयांच्या वायरनं काम झालं.

म्हणून ही तपासणी प्रत्येकीनं करावी, पावसाळ्यात तर नक्कीच. सगळं बंद असताना दिवा लुकलुकतोय आणि मेन स्विच बंद केल्यावर थांबतोय, तर दोष आपल्या वायरिंगमध्ये. जाणकार वायरमन बोलवा, स्वतः वायरला हात लावू नका. मेन स्विच बंद केल्यावरही लुकलुकतोय, तर मीटर आणि मेन स्विचच्या मधून कुणी जोड घेतलाय किंवा मीटरमध्येच दोष आहे. तिथे आपण काहीही करायचं नाही, थेट तक्रार करायची. मीटरचं सील तोडायचं नाही आणि दुसऱ्या कुणाला तोडू द्यायचं नाही. कायद्यानं तो गुन्हा आहे.

मीटर पळतंय का, याची पण घरगुती परीक्षा आहे. मीटरवर ३२०० किंवा १६०० असा आकडा छापलेला असतो. ३२०० म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. बाकी सगळं बंद करा. हजार वॅटची थंड इस्त्री पूर्ण तापमानावर लावा आणि मोबाइलवर बरोबर एक मिनिट मोजा. ३२०० ला साठनं भागलं की ५३ येतात. म्हणजे मिनिटाला ५३ च्या आसपास लुकलुक झाली तर मीटर ठीक. साडेसातशे वॅटची इस्त्री असेल तर ४० च्या आसपास. मीटर १६०० चं असेल तर आकडे निम्मे. दाब कमी असेल तर लुकलुक कमी येते, त्यानं घाबरायचं नाही. पण ५३ च्या जागी ८० आले, दोनदा मोजलं तरी ८० आले, तर शंका घ्यायला जागा आहे. त्या दिवशीची तारीख आणि आकडे वहीत लिहा.

मग तक्रार. आपल्याकडे बाया तक्रार तोंडी करतात. लाइनमन दिसला की त्याला सांगतात, तो 'बघतो ताई' म्हणतो आणि जातो. त्याचं काम खांबावरचं, बिलाचं नाही. तोंडी तक्रारीला पाय नसतात, ती कुठेच पोचत नाही. १९१२ हा नंबर फुकट लागतो, त्यावर तक्रार केली की नोंद क्रमांक मिळतो. तो लिहून घ्या. महावितरणचा मोबाइल ॲपही आहे. आणि तरीही एक कागद लिहाच. उपविभागीय कार्यालयात दोन प्रती न्यायच्या, एक द्यायची आणि दुसरीवर शिक्का, सही, तारीख घ्यायची. कागद असा लिहायचा:

'मा. उपकार्यकारी अभियंता यांस. विषय: वीज बिल दुरुस्ती व मीटर तपासणी. माझा ग्राहक क्रमांक अमुक, मीटर क्रमांक तमुक. माझ्या घराचा वापर गेल्या सहा महिन्यांत दरमहा साधारण इतका आहे. अमुक महिन्याचे बिल इतक्या युनिटांचे आले आहे. त्याच दिवशी मीटरवरील रीडिंग इतके होते, फोटो सोबत जोडला आहे. घरातील वायरिंग तपासली असून दोष आढळला नाही. तरी मीटरची तपासणी करून बिल दुरुस्त करावे आणि तपासणीच्या अहवालाची प्रत मला द्यावी.' खाली सही, मोबाइल नंबर. बस. रडगाणं नको, राग नको. आकडे, तारखा आणि मागणी.

यात एक हक्क आपल्या बाजूचा आहे, तो फार जणींना माहीत नसतो. २०२४ साली केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत नवी तरतूद आली. मीटर आपल्या वापराशी जुळत नाही अशी तक्रार केली, तर वीज कंपनीनं तक्रार मिळाल्यापासून पाच दिवसांत शेजारी दुसरं तपासणी मीटर बसवायचं आणि किमान तीन महिने दोन्ही मीटर ताडून बघायचे. म्हणून अर्जात हेही वाक्य घाला, 'नियमानुसार तपासणी मीटर बसवावे.'

'पण तोपर्यंत लाइन कापली तर?' ही सगळ्यात मोठी भीती. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ मध्ये लिहिलंय की थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आणि बिलाबद्दल वाद असेल तर, मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीनं येणारी रक्कम, यातली जी कमी असेल ती 'निषेध नोंदवून' भरता येते. तेवढी भरली तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. म्हणजे तक्रार केली म्हणून बिल भरायचंच नाही असं करू नका, त्यानं आपलीच बाजू दुबळी होते. सरासरीएवढं भरा, निषेध नोंदवून भरतोय असं लेखी द्या आणि पावती जपून ठेवा.

उपविभागात काम झालं नाही तर पुढची पायरी आहे. प्रत्येक परिमंडळात ग्राहक तक्रार निवारण मंच असतो. तिथे वकील लागत नाही, आपलं म्हणणं आपण मांडू शकतो. मंचाचा निकाल पटला नाही तर विद्युत लोकपाल आहेत, आपल्या राज्यात मुंबईला आणि नागपूरला. बहुतेक वेळा एवढं लांब जावं लागत नाही. कागद नीट असला की पहिल्या दुसऱ्या पायरीवरच काम होतं. पण वर पायऱ्या आहेत हे माहीत असलं की खालच्या पायरीवर उभं राहताना पाय लटपटत नाहीत.

मीटर बदलायला माणूस येतो तेव्हा बहुतेक वेळा घरी बाईच एकटी असते. तेव्हाचं लक्षात ठेवा. आधी ओळखपत्र बघा. जुनं मीटर काढण्याआधी त्याच्या शेवटच्या रीडिंगचा फोटो काढा. नवीन मीटरच्या पहिल्या रीडिंगचा फोटो काढा. मीटर बदलल्याचा जो कागद भरतात त्यावर दोन्ही रीडिंग लिहिलीत का बघूनच सही करा, आणि त्याचाही फोटो घ्या. त्यानंतरच्या पहिल्या बिलात जुन्या मीटरची राहिलेली आणि नव्याची जळलेली, अशी दोन्ही मिळून युनिट येतात. हे फोटो असले तर बेरीज आपल्याला करता येते. दारात कुणी रोख पैसे मागितले तर द्यायचे नाहीत. पैसे फक्त तिथेच भरायचे जिथे पावती मिळते. आणि 'आज रात्री तुमची लाइट कापणार, या नंबरवर फोन करा' असा मेसेज आला, किंवा कुणी मोबाइलवर काही उघडायला सांगितलं, तर ते चोर आहेत. त्यात बँकेतली बचत जाते. लगेच गटात सांगा, म्हणजे दुसरी फसणार नाही.

आणखी एक. बिल कुणाच्या नावावर आहे ते बघा. कितीतरी घरांत ते वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर असतं. मग तक्रारीला गेलं की 'ग्राहक कुठे आहेत?' असं विचारतात. एकट्या राहणाऱ्या बाईला तर याचा फार त्रास होतो. नाव बदलायचा अर्ज सोपा आहे, कागदपत्रं कोणती लागतात ते कार्यालयात विचारून घ्या. घर चालवणारीच्या नावावर बिल असायला हरकत काय आहे? गटातल्या दोघींनी हे करून घेतलंय.

मैत्रिणींनो, एकटी बाई कार्यालयात गेली की तिला 'मालकांना पाठवा' असं ऐकावं लागतं. चौघी गेल्या, हातात वही, फोटो आणि दोन प्रतींचा अर्ज घेऊन, तर खुर्ची पुढे सरकवतात. हे मी स्वतः पाहिलंय. बँकेत जायला आपण अशाच शिकलो. पहिल्यांदा गटाचं खातं उघडायला दहा जणी गेलो होतो आणि आता एकटी जाऊन कर्जाची फाइल करून येते. वीज कार्यालयाचंही तसंच होईल.

तर या महिन्याचं काम असं. प्रत्येकीनं पुढच्या बैठकीला शेवटची दोन बिलं आणायची आणि मीटरचं त्या दिवशीचं रीडिंग आणायचं. जिला वाचता येतं तिनं शेजारणीचं वाचून द्यायचं. वहीत चार रकाने आखा: ग्राहक क्रमांक, मीटर क्रमांक, तारीख, रीडिंग. ज्यांच्याकडे नवीन मीटर आहे त्यांनी पाचवा रकाना करा, दुपारची युनिट. जिच्या बिलात काही जुळत नाही तिचा अर्ज तिथेच बसून लिहायचा आणि दुसऱ्या दिवशी चौघींनी मिळून नेऊन द्यायचा. आणि आज घरी गेल्यावर, पोरं झोपायच्या आधी, सगळी बटणं बंद करून तो लाल दिवा एकदा बघा. तो शांत असेल तर तुम्हीही शांत झोपा. लुकलुकत असेल तर उद्या वायरमनला निरोप द्या.